वाचकांचे प्रश्न : भाड्याच्या घराचा विमा आणि त्याच्या खर्चाचा अंदाज

अमेरिकेत भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून, तसेच मुले-सुना तिकडे असलेल्या इकडच्या पालकांकडून रेंटर्स इन्शुरन्सविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. हप्त्यांचे आकडे अंदाज बांधण्यासाठी दिले आहेत. प्रत्यक्ष दर राज्य, पिनकोड आणि कंपनीनुसार बदलतो, हे लक्षात घेऊनच ते वाचावेत.

प्रश्न : आम्ही दोघे आणि आमची तीन वर्षांची मुलगी पुढील महिन्यात न्यू जर्सीतील एडिसन येथे एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहायला जाणार आहोत. लीजिंग ऑफिसने किल्ली देण्यापूर्वी १,००,००० डॉलरच्या लायबिलिटीसह रेंटर्स इन्शुरन्स घेतल्याचा पुरावा मागितला आहे. तो न दिल्यास दरमहा १४ डॉलर भाड्यासोबत आकारून आमची योजना लागू करू, असेही त्यांनी कळवले आहे. बाहेर चौकशी केली तेव्हा आम्हाला महिना ९ डॉलरपासून २२ डॉलरपर्यंत दर सांगितले गेले. आमचा खर्च किती यायला हवा, हे आम्ही स्वतः कसे ठरवावे? — एक वाचक, एडिसन

उत्तर : तुम्हाला मिळालेले दर एकमेकांशी जुळत नाहीत, याचे मुख्य कारण असे की प्रत्येक दरामागची पॉलिसी वेगळी आहे. कोणी सामानाची रक्कम १०,००० डॉलर धरली असेल, कोणी ३०,०००; कोणी डिडक्टिबल, म्हणजे दाव्याच्या वेळी तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, २५० ठेवली असेल, कोणी १,०००. म्हणून दरांची तुलना नंतर करा. आधी आपल्याला कशाचा आणि किती रकमेचा विमा हवा ते कागदावर उतरवा आणि तोच कागद दोन-तीन कंपन्यांपुढे ठेवून दर मागा.

या विम्यात इमारत येत नाही. भिंती, छप्पर, नळ, घरमालकाने बसवलेला फ्रिज आणि शेगडी यांचा विमा घरमालकाचा असतो, आणि म्हणूनच भाडेकरूचा हप्ता इतका कमी असतो. राज्यांच्या विमा नियामकांची राष्ट्रीय संघटना असलेल्या ‘एनएआयसी’च्या आकडेवारीनुसार २०२१ साली देशभरातील सरासरी हप्ता वर्षाला सुमारे १७० डॉलर, म्हणजे महिन्याला १४ डॉलरच्या आसपास होता. मिसिसिपी, लुइझियाना, ओक्लाहोमा, टेक्सस अशा चक्रीवादळांच्या आणि टॉर्नेडोंच्या राज्यांत तो अधिक पडतो, तर उत्तरेकडील विरळ वस्तीच्या राज्यांत कमी. एवढ्या पैशांत तुम्हाला चार गोष्टी मिळतात. आग, चोरी, फुटलेला पाइप अशा कारणांनी झालेल्या सामानाच्या नुकसानीची भरपाई ही पहिली. घर राहण्यायोग्य न उरल्यास हॉटेलचा किंवा दुसऱ्या घराचा वाढीव खर्च ही दुसरी. तुमच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई, म्हणजेच लायबिलिटी, ही तिसरी. आणि तुमच्या घरी आलेल्या पाहुण्याला इजा झाल्यास वैद्यकीय खर्चासाठी एक ते पाच हजार डॉलरची लहान रक्कम ही चौथी.

आता सामानाची रक्कम. तुम्ही सामान बांधण्याच्या तयारीत आहात, म्हणजे यादी करण्याची याहून चांगली वेळ मिळणार नाही. प्रत्येक खोके बंद करण्यापूर्वी आतल्या वस्तूंचा फोटो काढा आणि त्या आज नव्याने विकत घ्यायच्या झाल्या तर किती पैसे लागतील ते लिहा. तुमच्यासारख्या कुटुंबाची यादी साधारण अशी होते: सोफा, पलंग, गादी आणि जेवणाचे टेबल मिळून ३,५०० डॉलर; दोन लॅपटॉप, दोन फोन आणि टीव्ही ५,५००; तिघांचे कपडे, चपला-बूट आणि थंडीचे जाड कोट ५,०००; मिक्सर, कुकर, भांडी आणि डबे १,८००; बॅगा, पुस्तके, तबला-पेटीसारखे एखादे वाद्य १,५००; मुलीचा पाळणा, कार-सीट आणि खेळणी १,२००; पांघरुणे, चादरी, पडदे ८००; सायकल ७००. ही बेरीज २०,००० डॉलर होते. बहुतेकांना आपले सामान पाच-सहा हजारांचे वाटते, कारण डोळ्यांपुढे टीव्ही आणि सोफा असतो, कपाटातले कपडे नसतात. पण आग लागली तर मोजे आणि चमच्यांपासून सगळे पुन्हा घ्यावे लागते. यादीतून काही ना काही सुटतेच, म्हणून तुम्ही २५,००० डॉलरची रक्कम धरावी.

त्यानंतरचा निर्णय भरपाईच्या पद्धतीचा आहे, आणि माझ्या मते हप्त्यातील सर्वांत महत्त्वाचा फरक इथे आहे. स्वस्त पॉलिसीत बहुधा घसारा वजा करून भरपाई मिळते. चार वर्षांपूर्वी १,२०० डॉलरला घेतलेला लॅपटॉप चोरीला गेला, तर त्याची आजची किंमत कंपनी ३०० डॉलर धरू शकते, आणि डिडक्टिबल ५०० असेल तर तुमच्या हाती काहीच येत नाही. दुसऱ्या पद्धतीत त्याच प्रतीच्या नव्या वस्तूची किंमत मिळते. बहुतेक कंपन्या आधी घसारा वजा करून रक्कम देतात आणि तुम्ही नवी वस्तू घेऊन पावती दिली की उरलेली देतात. यासाठी महिन्याला दोन-तीन डॉलर अधिक लागतात. ते जरूर द्यावेत, आणि दर विचारताना ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’ हे शब्द वापरूनच विचारावे.

डिडक्टिबल वाढवून हप्ता कमी करण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. मोटारीच्या किंवा स्वतःच्या घराच्या विम्यात तो योग्य असतो. इथे हिशेब करून पाहावा. डिडक्टिबल ५०० वरून १,००० केल्यावर महिन्याला २ डॉलर वाचले, तर वर्षाला २४ वाचतात, आणि एका दाव्यात गेलेले जादा ५०० डॉलर भरून यायला वीस वर्षांहून अधिक काळ लागतो. हप्ताच मुळात लहान असल्याने बचतीलाही फारसा वाव नाही. त्याउलट लायबिलिटीची रक्कम एक लाखावरून तीन लाखांवर नेण्यासाठी बहुधा महिन्याला एक-दोन डॉलरच लागतात, आणि तेथे हात आखडता घेऊ नये. तळणीचे तेल पेटले आणि छतावरचा स्प्रिंकलर सुरू झाला असे समजा. आग दोन मिनिटांत विझेल, पण अग्निशमन दल येऊन पाणी बंद करीपर्यंत ते खालच्या दोन मजल्यांवरील छतांतून, भिंतींतून आणि गालिच्यांतून झिरपलेले असेल. इमारतीची दुरुस्ती घरमालकाची विमा कंपनी करून देते; मात्र नुकसान तुमच्या निष्काळजीपणामुळे झाले असे ठरल्यास, अनेक राज्यांत ती कंपनी हा खर्च तुमच्याकडून वसूल करू शकते. खालच्या शेजाऱ्यांचे सामान भिजले तर त्यांचीही मागणी येऊ शकते. अशा वेळी दावा लढवण्याचा वकिली खर्चही तुमची विमा कंपनी करते.

या सगळ्यावरून तुमचा अंदाज असा बांधता येईल: सामान २५,००० डॉलर, नव्या वस्तूची किंमत देणारी भरपाई, डिडक्टिबल ५००, लायबिलिटी एक लाख, यांसाठी महिन्याला १२ ते १८ डॉलर, म्हणजे वर्षाला साधारण १४५ ते २१५ डॉलर हा दर वाजवी समजावा, लायबिलिटी तीन लाख केल्यास त्यात एक-दोन डॉलरची भर पडेल. मोटारीचा विमा ज्या कंपनीचा आहे तिलाच आधी विचारा, कारण दोन्ही पॉलिसी एकत्र घेतल्यावर मोटारीच्या हप्त्यात मिळणारी सूट अनेकदा या हप्त्याचा मोठा भाग भरून काढते. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास मासिक आकारणीचे शुल्कही टळते.

लीजिंग ऑफिसची १४ डॉलरची योजना घेण्यापूर्वी तिचा कागद मागून वाचा. अशा बऱ्याच योजना केवळ तुमच्याकडून इमारतीचे होणारे नुकसान भरून देतात, आणि तुमच्या सामानासाठी त्यांत एक डॉलरही नसतो. पैसे तुम्ही भरता आणि संरक्षण घरमालकाला मिळते. तुम्ही स्वतःची पॉलिसी घेतल्यावर घरमालकाचे नाव ‘ॲडिशनल इंटरेस्ट’ म्हणून घालावे. त्यामुळे पॉलिसी चालू आहे की बंद पडली याची सूचना त्यांना मिळत राहते आणि त्यांची अट पूर्ण होते. यासाठी बहुधा वेगळा आकार नसतो. पुरावा दिल्यानंतरही पहिल्या महिन्याच्या बिलात ते १४ डॉलर लागलेले नाहीत ना, हे मात्र तपासा.

प्रश्न : मी डॅलसजवळच्या विद्यापीठात एमएस करत आहे. आम्ही चौघे विद्यार्थी दोन बेडरूमच्या घरात राहतो. एकाच्या नावावर पॉलिसी घेऊन खर्च चौघांत वाटावा, असे ठरत आहे. हे चालेल का? आणि ग्रंथालयातून लॅपटॉप चोरीला गेला तर या विम्याचा उपयोग होतो का? — एक विद्यार्थी, रिचर्डसन, टेक्सस

उत्तर : असे करू नका. पॉलिसीत विमाधारक म्हणजे ज्याचे नाव आहे तो आणि त्याच्यासोबत राहणारे त्याचे नातेवाईक; खोलीतला मित्र त्यात येत नाही. तुमच्यापैकी एकाच्या नावावर पॉलिसी असेल, तर उरलेल्या तिघांनी भरलेला वाटा वाया जाईल. काही कंपन्या सर्वांची नावे एका पॉलिसीत घालू देतात, पण मग सामानाची कमाल रक्कम चौघांत मिळून एकच राहते, भरपाई सर्वांच्या नावे येते, आणि एकाने केलेल्या दाव्याची नोंद चौघांच्याही नावावर काही वर्षे राहते. उद्या तुम्ही नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाऊन नवा विमा घ्याल, तेव्हा मित्राच्या चोरीला गेलेल्या फोनचा भार तुमच्या हप्त्यावर पडू शकतो. विद्यार्थ्याचे सामान दहा हजार डॉलरच्या आत बसते, आणि तेवढ्यासाठी स्वतःच्या नावाची पॉलिसी बहुधा महिन्याला दहा-पंधरा डॉलरमध्ये मिळते. प्रत्येकाने आपापली घ्यावी.

ग्रंथालयातील चोरीला संरक्षण मिळते. घराबाहेर नेलेल्या सामानालाही ही पॉलिसी लागू असते, अगदी सुट्टीत पुण्याला आलात तरी. मोटारीची काच फोडून बॅग नेली, तर त्या बॅगेची भरपाई मोटारीच्या विम्यातून मिळत नाही. ती याच विम्यातून मागावी लागते. चोरी झाल्याबरोबर पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या, कारण त्यावाचून दावा पुढे सरकत नाही. खरेदीची ईमेलवरची पावती आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर आजच एका ठिकाणी जपून ठेवा. लॅपटॉप मात्र तुमच्या हातून पडून फुटला, तर साध्या पॉलिसीत त्याची भरपाई नाही.

तुमच्यासारख्या नव्याने आलेल्यांना एक अडचण येते. अनेक राज्यांत, टेक्ससमध्येही, हप्ता ठरवताना क्रेडिटचा, म्हणजे कर्ज आणि बिले वेळेवर फेडल्याचा, इतिहास पाहिला जातो, आणि तुमचा तो इतिहासच नसल्याने काही कंपन्या दर चढा सांगतात. कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समध्ये हे चालत नाही. तुम्ही तीन-चार कंपन्यांकडून दर घ्या, आणि वर्षभरानंतर क्रेडिट तयार झाले की पुन्हा विचारा.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून शिकागोजवळ भाड्याने राहतात. लग्नात आम्ही आणि तिच्या माहेरच्यांनी घातलेल्या पाटल्या, बांगड्या, तन्मणी आणि मंगळसूत्र तिला यंदा बरोबर न्यायचे आहे. घराचा विमा आहे, असे मुलगा सांगतो. महिन्याला पंधरा डॉलरच्या विम्यात एवढे दागिने खरोखर सुरक्षित राहतील का? — एक वाचिका, नाशिक

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे. त्या विम्यात हे दागिने सुरक्षित नाहीत, आणि ही गोष्ट बहुतेक कुटुंबांना चोरी झाल्यानंतर कळते. सामानाचा विमा २५,००० किंवा ५०,००० डॉलरचा असला, तरी दागिन्यांच्या चोरीसाठी त्यात वेगळी मर्यादा घातलेली असते, आणि प्रचलित पॉलिसीत ती बहुधा १,५०० डॉलरची असते. ही मर्यादा एका दागिन्याची नसून सगळ्या दागिन्यांची मिळून आहे. आजच्या भावाने दोन तोळ्यांची एक पाटलीही तेवढ्यात बसत नाही. रोख रकमेसाठी तर ही मर्यादा अवघी २०० डॉलर असते, आणि चोरीला गेलेल्या चांदीच्या ताटवाट्यांसाठी २,५०० डॉलरच्या आसपास. शिवाय दागिना कुठे पडला किंवा हरवला, तर साध्या पॉलिसीतून काहीच मिळत नाही.

यावर उपाय आहे. दागिन्यांची नावनिशीवार नोंद पॉलिसीत करून घेता येते. विमा कंपन्या त्याला ‘शेड्यूल’ करणे म्हणतात. तसे केले की प्रत्येक दागिना त्याच्या नोंदलेल्या रकमेपर्यंत सुरक्षित होतो, तो हरवला तरीही भरपाई मिळते, आणि बहुधा डिडक्टिबलही लागत नाही. याचा खर्च दागिन्यांच्या किमतीच्या साधारण एक ते दोन टक्के, म्हणजे १०,००० डॉलरच्या दागिन्यांना वर्षाला १०० ते २०० डॉलर. मूळ हप्त्याइतकी किंवा त्याहून अधिक ही रक्कम होते, म्हणून सगळे दागिने नोंदवण्याऐवजी सूनबाई जे नेहमी वापरणार आहेत, तेवढेच नोंदवावेत.

नोंदीसाठी मूल्यांकन लागते. सराफाची पावती, तिच्यावरचे वजन आणि कॅरेट, आणि अलीकडची खरेदी असेल तर हॉलमार्कचा सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक, हे सगळे आपण त्यांच्याबरोबर द्यावे. जुन्या, आजीच्या वेळच्या दागिन्यांची पावती नसणारच; त्यांचे वजन इकडच्या सराफाकडून लिहून घ्यावे आणि प्रत्येकाचे पुढून-मागून स्वच्छ फोटो काढावेत. तिकडच्या मूल्यांकनकर्त्याचे प्रमाणपत्र बहुतेक कंपन्या मागतात, आणि त्यांना ही माहिती उपयोगी पडते. सोन्याचा भाव ज्या वेगाने चढला आहे, तो पाहता हे मूल्यांकन दोन-तीन वर्षांनी नव्याने करून रक्कम वाढवून घेणे आवश्यक आहे. नाही तर भरपाई जुन्या भावाने मिळते आणि तेवढ्या पैशांत तेवढे सोने येत नाही.

राहिलेले दागिने लॉकरमध्ये ठेवावेत. तेथेही एक गोष्ट ध्यानात असू द्या. अमेरिकेतील बँक बुडाली तर ठेवीला सरकारी संरक्षण असते, पण बँकेच्या लॉकरमधील वस्तूंना ते नसते. त्यांचा विमा स्वतःलाच घ्यावा लागतो, मात्र लॉकरमधील दागिन्यांना काही कंपन्या कमी दर लावतात. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांमुळे लॉकरमधील वस्तूंचे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत आहे. भाडे ३,००० रुपये असेल तर ती तीन लाख रुपये होते. म्हणून नाशिकच्या लॉकरमध्ये राहणाऱ्या दागिन्यांचीही यादी आणि फोटो करून ठेवावेत, अशी माझी आपल्याला विनंती आहे.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. भूकंपात टीव्ही आणि काचसामान फुटले तर रेंटर्स इन्शुरन्समधून भरपाई मिळते का? — एक वाचक

उत्तर : नाही. भूकंप या पॉलिसीत वगळलेला असतो. कॅलिफोर्नियात ही पॉलिसी विकणाऱ्या कंपनीला भूकंपाच्या विम्याचा प्रस्तावही तुमच्यापुढे ठेवावा लागतो, आणि बऱ्याच कंपन्यांमार्फत ‘कॅलिफोर्निया अर्थक्वेक ऑथॉरिटी’ची भाडेकरूंसाठीची स्वतंत्र पॉलिसी मिळते. तीत सामानाची रक्कम लहान ठेवता येते आणि पर्यायी निवासाचा खर्चही असतो. फ्रीमाँट हेवर्ड फॉल्ट या भूकंप घडवणाऱ्या भूभंगावर वसलेले असल्याने माझ्या मते निवासाचा खर्च हाच त्यातला महत्त्वाचा भाग आहे. काचसामानासाठी मात्र ती घेऊ नका, कारण डिडक्टिबलखालीच ते नुकसान संपेल. भूकंपानंतर लागलेल्या आगीचे नुकसान साध्या पॉलिसीतच येते.

प्रश्न : जर्सी सिटीत आम्हाला तळमजल्यावरचे घर कमी भाड्यात मिळत आहे. पाण्याने होणारे नुकसान आपल्या विम्यात येते, असे एजंटने सांगितले. तेवढ्यावर विसंबून घर घ्यावे का? — एक वाचक

उत्तर : एजंटचे सांगणे अर्धेच खरे आहे. घरातील पाइप अचानक फुटला, वरच्या मजल्यावरच्यांचे वॉशिंग मशीन वाहिले, तर भरपाई मिळते. बाहेरून, रस्त्यावरून किंवा नदीतून घरात शिरलेले पाणी म्हणजे पूर, आणि तो या पॉलिसीत पूर्णपणे वगळलेला असतो. गटाराचे पाणी उलटे वर येणे हेही बहुधा वगळलेलेच असते; त्यासाठी थोडे जादा पैसे भरून वेगळे कलम जोडून घ्यावे लागते.

तुमच्या भागात हा केवळ कलमांचा प्रश्न नाही. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसाने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३ इंचांहून अधिक पाणी पाडले. न्यू जर्सीत सुमारे तीस माणसे गेली. तुमच्या जवळच्या एलिझाबेथ शहरातील एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये चौघांचा बुडून मृत्यू झाला, आणि न्यूयॉर्क शहरातील मृतांपैकी बहुतेक तळघरातील घरांत राहणारे होते. म्हणून विम्याच्या आधी घर पाहा. त्या इमारतीत मागे पाणी शिरले होते का, असे घरमालकाला लेखी विचारा; न्यू जर्सीत आता भाडेकरूला पुराच्या धोक्याची माहिती देणे घरमालकांना कायद्याने बंधनकारक आहे. शेजाऱ्यांनाही विचारा. पत्ता घालून अमेरिकी सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा, म्हणजे ‘फेमा’चा, पूरनकाशा पाहा. घर अर्धे जमिनीखाली असेल आणि बाहेर पडायला एकच दार असेल, तर भाडे कितीही कमी असले तरी ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घर रस्त्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल आणि तुम्ही ते घेतलेच, तर पुराचा स्वतंत्र विमा घ्या. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पूर विमा योजनेत भाडेकरूला फक्त सामानासाठी १,००,००० डॉलरपर्यंतची पॉलिसी मिळते. तिचा दर पत्त्याप्रमाणे ठरतो, म्हणून त्याचा आकडा करारापूर्वीच मागून घ्या आणि स्वस्त भाड्यातून होणाऱ्या बचतीतून तो वजा करून पाहा. त्या पॉलिसीत भरपाई घसारा वजा करून मिळते, जमिनीखालच्या भागातील सामानापैकी अगदी मोजक्या वस्तूंनाच संरक्षण असते, आणि दुसऱ्या घरी राहण्याचा खर्च मिळत नाही. ती लागू होण्यासाठी साधारणपणे तीस दिवस थांबावे लागते. तुमचा करार १ ऑगस्टपासून सुरू होणार असेल, तर अर्ज आणि पैसे जूनअखेर गेलेले असावेत.